उल्लेखनीय कोण, हे ठरवणार कोण?

विकिपीडियावर कुणाची नोंद असावी आणि कुणाची नसावी, हा विषय बैठकीत काढला की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. "आपल्यापुढे रेशनचे, पोटगीचे, मारहाणीचे प्रश्न पडलेत. संगणकापुढे बसणाऱ्यांच्या भांडणात आपण कशाला पडायचे?" आक्षेप रास्त वाटतो, पण तो टिकत नाही. आज शाळेतली मुलगी प्रकल्पाची वही भरते ती तिथून. कार्यक्रम ठरवणारा आयोजक, बातमी लिहिणारा बातमीदार, अनुदानाचा अर्ज तपासणारा अधिकारी आधी नाव टाकून पाहतो ते तिथे. विचारलेल्या प्रश्नांना झटपट उत्तरे देणारी नवी संगणकीय साधनेही या मजकुरावर पोसलेली आहेत. तिथे जे सापडत नाही ते घडलेच नाही, असे समजण्याची सवय समाजाला लागली आहे. आणि बायकांनी केलेले काम घडलेच नाही असे समजण्याची सवय तर समाजाला फार जुनी आहे!

म्हणून एक अगदी लहान प्रश्न घेऊन बोलू. बायकांचा एक बँड आहे. फारसा कुणाला माहीत नाही. तो गिटार आणि ड्रम घेऊन गाणाऱ्या मुलींचा असेल, किंवा लग्नाच्या सुपाऱ्या घेणारी महिला बँड पार्टी असेल. ज्ञानकोशात त्याची स्वतंत्र नोंद असावी का? असावी तर कोणत्या कसोटीवर?

माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. पुरावा मागण्याला माझा विरोध नाही. ज्यांची दखल घेतली गेली नाही त्यांच्याकडे "तुमची दखल घेतल्याचा कागद दाखवा" असे म्हणणे, आणि कागद नाही म्हणून "तुम्ही दखल घेण्याजोग्या नव्हताच" असा निवाडा देणे, याला माझा विरोध आहे. कालचा अन्याय आजच्या निकालाचा आधार होतो, आणि ठरवणाऱ्याला वाटते की आपण तटस्थ आहोत.

बारा दारे, एकच वाडा

इंग्रजी विकिपीडियात या कसोटीला जे नाव आहे त्याला मराठी विकिपीडियाने 'उल्लेखनीयता' हा शब्द घेतला आहे. नियम थोडक्यात असा: ज्या विषयावर लेख लिहायचा त्यावर, त्या विषयाशी लागेबांधे नसलेल्या विश्वासार्ह स्रोतांनी आधी काही सविस्तर लिहिलेले असावे. ओझरता उल्लेख चालत नाही. स्वतःबद्दल स्वतः काढलेले पत्रक चालत नाही.

गायक-वादक आणि बँड यांच्यासाठी इंग्रजीत याशिवाय बारा कसोट्यांची वेगळी यादी आहे. त्यातली एखादी तरी पुरी झाली तर बँड उल्लेखनीय असू शकतो असे धरतात. त्या कसोट्या जरा वाचून पाहा. देशाच्या खपाच्या यादीत गाणे किंवा अल्बम आलेला असणे. सुवर्ण तबकडीचा मान मिळालेला असणे. देशभरातल्या किंवा परदेशातल्या दौऱ्याची वृत्तपत्रांनी दखल घेतलेली असणे. मोठ्या किंवा नावाजलेल्या कंपनीकडून दोन अल्बम निघालेले असणे. बँडमधले दोघे जण स्वतंत्रपणे प्रसिद्ध असणे. मोठा पुरस्कार किंवा त्यासाठी नामांकन. मोठ्या स्पर्धेत पहिल्या तिघांत क्रमांक. गाजलेल्या चित्रपटाला किंवा मालिकेला दिलेले संगीत. मोठ्या रेडिओ-दूरचित्रवाणी जाळ्यावर देशभर वारंवार वाजणे. बारा दारे आहेत खरी, पण बाराही एकाच वाड्याची. ध्वनिमुद्रणाच्या कंपन्या, खपाच्या याद्या, संगीताची मासिके आणि पुरस्कारांचे सोहळे जिथे आहेत तिथल्या धंद्यात शिरलेल्या माणसासाठी ती बांधलेली आहेत. पाटण्याजवळच्या किंवा परभणीजवळच्या गावातल्या बाईने त्यातले कोणते दार ठोठवायचे?

एक दार तेवढे आपल्या बाजूला उघडते. एखाद्या शैलीचा किंवा एखाद्या शहरातल्या संगीताचा ठळक प्रतिनिधी असणे ही सुद्धा एक कसोटी आहे. पण "ठळक आहे" हे कुणी म्हणायचे? पुन्हा छापील स्रोतानेच.

आता कामाची रीत पाहा. लेखात बँडचे महत्त्व सांगणारे एकही विधान नसेल तर तो चर्चेविना लगेच काढता येतो. असा लेख काढण्याची सूचना लावायला बँडसाठी वेगळी तयार पाटीच आहे, इतक्या वेळा ती लागते. नाही तर सात दिवसांची चर्चा होते. तिथे मते मोजत नाहीत, मुद्दे तोलतात, असे सांगितले जाते. चांगले आहे. पण तोलणारे कोण? विकिमीडिया फाउंडेशनने २०११ साली केलेल्या पाहणीत दहा संपादकांमागे एक बाईही भरली नाही. नंतर प्रमाण थोडे वाढले, फार नाही. अमेरिकन अभ्यासक फ्रान्चेस्का ट्रिपोडी यांचा २०२१ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आणखी एक गोष्ट दाखवतो. स्त्रियांची चरित्रे एकूण चरित्रांच्या पाचव्या हिश्श्याइतकीही नव्हती, पण "हे काढून टाका" म्हणून पुढे केलेल्या चरित्रांत त्यांचा वाटा त्याहून कितीतरी जास्त होता. म्हणजे बाईची नोंद मुळात कमी, आणि झालेल्या नोंदीवर संशय जास्त.

डोना स्ट्रिकलंड यांचे उदाहरण जगजाहीर आहे. त्यांच्यावरच्या लेखाचा मसुदा मे २०१८ मध्ये पुरेसे संदर्भ नाहीत म्हणून परत पाठवला गेला. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे पारितोषिक मिळवणाऱ्या त्या तिसऱ्याच स्त्री. पहिल्या मारी क्युरी, १९०३ साली. दुसऱ्या मारिया गेपर्ट-मायर, १९६३ साली. विद्यापीठात शिकवणाऱ्या शास्त्रज्ञ बाईची ही गत, तर ढोल वाजवणाऱ्या बाईची काय असेल?

बातमी कधी होते?

कोणी म्हणेल, वर्तमानपत्रे आता बायकांवर पुष्कळ लिहितात. लिहितात, पण कधी आणि काय लिहितात ते पाहू.

डिसेंबर २०१२ मध्ये श्रीनगरला बँडची स्पर्धा झाली. दहावीत शिकणाऱ्या तीन मुलींच्या 'प्रगाश' नावाच्या बँडने तिथे कार्यक्रम केला आणि बक्षीस मिळवले. प्रगाश म्हणजे प्रकाश. काश्मीरमधला मुलींचा पहिला रॉक बँड म्हणून त्यांची ओळख झाली. मग समाजमाध्यमांवर शिव्या आणि धमक्या सुरू झाल्या. फेब्रुवारी २०१३ मध्ये तिथल्या मुफ्तींनी मुलींचे हे गाणेबजावणे धर्मविरोधी ठरवले. तेव्हाचे मुख्यमंत्री ओमर अब्दुल्ला यांनी मुलींची बाजू घेतली, पोलिसांनी धमक्या देणाऱ्यांवर कारवाई केली, तरी मुलींनी बँड बंद केला. त्या दिवसांत देशभरची वर्तमानपत्रे त्यांच्या नावाने भरून गेली.

ज्ञानकोशाच्या कसोटीला प्रगाश उतरतो. पण कशामुळे? गाणाऱ्या मुलींमुळे बातमी छोटी झाली. गप्प केलेल्या मुलींमुळे मोठी झाली. त्यांनी कोणती गाणी बसवली, वाद्ये कशी मिळवली, तालीम कुठे केली, याला जागा थोडी. कोण काय म्हणाले याला जागा भरपूर. हा एका धर्माचा प्रश्न समजून कुणी सुटकेचा श्वास टाकू नये. मुलीने स्टेजवर उभे राहायचे की नाही हे ठरवणारे प्रत्येक जातीत, प्रत्येक धर्मात आणि प्रत्येक घरात आहेत. ज्ञानकोशाचा नियम मात्र न कळत एक क्रूर गोष्ट करतो. बाईवर संकट आले तर ती उल्लेखनीय, बाई शांतपणे वीस वर्षे गात राहिली तर ती अनुल्लेखनीय!

दुसरे उदाहरण बिहारचे. पाटणा जिल्ह्यात दानापूरजवळच्या ढिबरा गावातल्या महादलित बायकांनी 'नारी गुंजन सरगम महिला बँड' उभा केला. शेतमजुरी करणाऱ्या या बायकांनी गळ्यात ढोल अडकवले आणि त्या लग्नकार्यात वाजवू लागल्या. बँडबाजा हा पुरुषांचा धंदा. त्यात बाईला जागा असलीच तर ती वरातीच्या कडेने डोक्यावर दिवे धरून चालणारी मजूर म्हणून. बँडच्या नावात ती नाही, फोटोत ती नाही. अशा धंद्यात बायकांनी सुपारी घेणे, पैसे हातात घेणे आणि रात्री उशिरा गणवेशात घरी परतणे ही मोठी उलथापालथ आहे.

या बँडवर बातम्या आल्या, चित्रफिती निघाल्या. आनंद आहे. पण त्यामागे 'नारी गुंजन' ही संस्था होती, आणि २००६ साली पद्मश्री मिळालेल्या सुधा वर्गीस यांच्यासारखी दिल्ली-मुंबईच्या पत्रकारांना माहीत असलेली कार्यकर्ती होती. ज्या बायकांमागे अशी कुणी नाही, त्यांचा ढोल तितकाच वाजतो. फक्त कागदावर उमटत नाही.

तिसरे उदाहरण '६ पॅक बँड'चे. जानेवारी २०१६ मध्ये यशराजच्या वाय-फिल्म्सने आणि हिंदुस्तान युनिलिव्हरच्या ब्रुक बाँड रेड लेबल चहाने सहा तृतीयपंथी गायकांचा हा बँड बाजारात आणला. त्याच वर्षी कानच्या जाहिरात महोत्सवात त्याला 'ग्लास' विभागाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. उल्लेखनीयतेच्या दारातून हा बँड सहज आत जातो. त्या गायकांना स्टेज मिळाले याचा मला आनंदच आहे. पण या तिन्ही उदाहरणांत नियमाने नेमके काय मोजले? एका ठिकाणी धमकी, दुसऱ्या ठिकाणी संस्थेची ओळख, तिसऱ्या ठिकाणी कंपनीची थैली. गाणे कुठेच मोजले गेले नाही.

प्रमुख पाहुण्यांचे नाव छापून येते

आता आपल्या जवळचे पाहू. जिल्हा आवृत्तीतली बातमी डोळ्यांपुढे आणा. 'जागतिक महिला दिन उत्साहात साजरा.' अध्यक्षस्थानी कोण, प्रमुख पाहुणे कोण, दीपप्रज्वलन कुणाच्या हस्ते, सूत्रसंचालन कुणी केले, आभार कुणी मानले, सगळी नावे येतात. आणि गाणे? 'मंडळाच्या महिलांनी समूहगीत सादर केले.' संपले! दोन महिने रात्री भाकऱ्या थापून झाल्यावर तालीम करणाऱ्या दहा बायका एका सामासिक शब्दात विरघळून जातात. ज्ञानकोशाच्या भाषेत हाच तो 'ओझरता उल्लेख', जो पुरावा म्हणून चालत नाही.

वर्तमानपत्रांना नावे ठेवणे सोपे आहे. संघटनांचे स्वतःचे वार्षिक अहवाल काढून पाहा. शिबिरे किती, लाभार्थी किती, ठराव किती, सगळे आहे. कलापथकाबद्दल एक ओळ: 'गीतांनी वातावरण भारावून गेले.' गाणे कुणी रचले, चाल कुणाची, ढोलकीवर कोण होती, यातले काहीही नाही. 'आम्ही नावासाठी काम करत नाही' हे वाक्य आपल्या चळवळीत फार अभिमानाने म्हटले जाते. पण नाव न घेण्याचा तोटा सगळ्यांना सारखा होत नाही. भाषण करणारीचे नाव राहते, गाणारीचे जाते. आणि गाणारी बहुतेक वेळा वस्तीतली, दलित, भटक्या, आदिवासी समाजातली असते. हा नम्रपणा कुणाच्या जिवावर चालतो, याचा हिशोब व्हायला हवा.

याची किंमत भावनेपुरती नसते. महाराष्ट्र शासनाची वृद्ध कलावंतांना मानधन देणारी योजना आहे. समाजकार्य करणाऱ्या आम्हा लोकांना तिचे अर्ज भरून द्यावे लागतात. अर्जासोबत कलेच्या क्षेत्रातल्या कामाचे पुरावे लागतात: प्रमाणपत्रे, कात्रणे, कार्यक्रमपत्रिका. पुरुष शाहिराकडे बहुधा एक फाटकी पिशवी तरी असते. बाईकडे ती नसते, कारण कार्यक्रमपत्रिकेवर पथकाच्या प्रमुखाचे नाव, आणि प्रमुख तिचा नवरा किंवा दीर. चाळीस वर्षे गळा झिजवलेली बाई खिडकीसमोर उभी राहते आणि तिला विचारले जाते, "बाई, तुम्ही गात होता कशावरून?" ज्ञानकोशातला प्रश्न आणि खिडकीतला प्रश्न एकच आहे.

नियमाची बाजू

इतके सगळे असूनही नियम फेकून द्या असे मी म्हणणार नाही. कसोटी काढून टाकली तर पहिली झुंबड बायकांच्या बँडची होणार नाही. जाहिरात कंपन्यांची, पुढाऱ्यांच्या प्रतिष्ठानांची आणि पैसे मोजून चरित्र लिहून घेणाऱ्यांची होईल. खोटा इतिहास लिहिण्याची हौस ज्यांना आहे त्यांचे हात आपल्यापेक्षा लांब आहेत. पडताळता येईल असेच लिहावे, ही अट दुबळ्याच्या सुद्धा हिताची आहे.

दुसरे, बायकांच्या दृष्टीने नोंद ही नेहमीच वरदान नसते. ज्ञानकोशातला लेख एकदा झाला की तो ज्याच्यावर आहे त्याच्या ताब्यात राहत नाही. कुणीही बदल करू शकते. मारहाणीला कंटाळून घर सोडलेली एखादी बाई गटात गात असेल, तर तिचे खरे नाव आणि गाव जगापुढे मांडणे म्हणजे नवऱ्याला पत्ता देणे. प्रगाशमधल्या मुलींची नावे मी या लेखात मुद्दाम घेतलेली नाहीत. म्हणून संपादकांच्या आधी त्या बायकांना विचारले पाहिजे: "तुमची नोंद तुम्हाला हवी आहे का? कोणत्या नावाने?" हा प्रश्न बारा कसोट्यांत कुठेच नाही.

तिसरे, प्रत्येक गटाची स्वतंत्र नोंद व्हावी असा हट्टही नको. एका महिला दिनाला गाऊन थांबलेल्या गटाचा उल्लेख त्या गावाच्या किंवा संघटनेच्या लेखात आला तरी पुरे. मी चार प्रश्न विचारीन. गट किती काळ आणि कुठे कुठे गायला-वाजवला? गटाबाहेरचे कोण त्याची साक्ष देते? त्याच्यामुळे धंद्यात, गावात किंवा चळवळीत काय बदलले? आणि एखाद्या परक्या माणसाला हे पडताळून पाहता येईल का? चारही प्रश्नांना धड उत्तर असेल तर सुवर्ण तबकडी नसली तरी तो बँड ज्ञानकोशात हवा. उत्तर नसेल तर स्वतंत्र नोंद थांबू द्या, पण उत्तर शोधण्याचे काम थांबू देऊ नका.

साक्ष म्हणजे काय?

खरा वाद इथे आहे. छापलेले तेच विश्वासार्ह, सांगितलेले ते ऐकीव, असे मानले की ज्यांना छापखान्यापर्यंत पोहोचूच दिले नाही त्यांचा इतिहास आपोआप बाद होतो. २०११ साली अचल प्रभाला यांनी विकिमीडिया फाउंडेशनच्या पाठबळाने मल्याळम, हिंदी आणि दक्षिण आफ्रिकेतल्या सेपेदी भाषेत एक प्रयोग केला. गावातले खेळ, विधी यांविषयी जाणत्या माणसांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून त्या लेखांना संदर्भ म्हणून जोडल्या. चर्चा झाली, पण इंग्रजी विकिपीडियाच्या नियमांत मौखिक साक्षीला पक्की जागा मिळाली नाही.

महाराष्ट्राला हे काम नवे नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ओवी कुणी गायली, कोणत्या गावात गायली, याची नोंद त्यांनी ठेवली. आज त्या ओव्या 'पारी' या ग्रामीण पत्रकारितेच्या संग्रहात ऐकायला मिळतात. १९८९ साली उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक काढले. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना शोधून, त्यांच्या घरी बसून त्यांनी साक्षी घेतल्या. त्याआधी त्या बायका 'उल्लेखनीय' नव्हत्या असे कोणाला म्हणायचे आहे? पुरावा पडून नव्हता. तो दोन बायकांनी पायपीट करून तयार केला.

आणि ताराबाई शिंदे? 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ साली छापले गेले. जोतीराव फुल्यांनी १८८५ साली 'सत्सार'मध्ये त्याची बाजू घेतली. पुढे जवळजवळ नव्वद वर्षे शांतता. १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुस्तक पुन्हा छापले तेव्हा ताराबाई आपल्याला मिळाल्या. १९७४ साली कुणी त्यांच्यावर लेख लिहिला असता तर आजच्या नियमाने त्याला 'पुरेसे स्रोत नाहीत' अशी पाटी लागली असती. पुस्तक तेच होते. दखल घेणारा तेवढा नव्हता.

छोट्या अंकाची ताकद

बँडचेच एक उदाहरण सांगते. १९७० साली शिकागोतल्या स्त्रीमुक्ती कार्यकर्त्यांनी 'शिकागो विमेन्स लिबरेशन रॉक बँड' काढला. मानसशास्त्रज्ञ नेओमी वाइसस्टाइन त्यात होत्या. १९७२ साली न्यू हेवनच्या भगिनी बँडसोबत त्यांची एक तबकडी निघाली, 'माउंटन मूव्हिंग डे'. दोन बँड मिळून एकच तबकडी, ती काढणारी राउंडर ही कंपनी त्या वेळी जेमतेम दोन वर्षांची, आणि शिकागोचा बँड १९७३ साली मोडला. खपाची यादी नाही, सुवर्ण तबकडी नाही. कसोट्यांच्या हिशोबात हा बँड तेव्हा शून्य. तरी आज त्याच्याबद्दल लिहिता येते, कारण त्या बायकांनी आपली पत्रके, आठवणी आणि गाणी जपली आणि संग्रह करून लोकांपुढे ठेवली.

त्या तबकडीला ज्या गाण्याचे नाव आहे त्याचे मूळ जपानी कवयित्री योसानो अकिको यांच्या कवितेत आहे. ती कविता १९११ साली 'सेइतो' या नियतकालिकाच्या पहिल्या अंकात आली होती. हिरात्सुका राइचो आणि त्यांच्या मैत्रिणींनी चालवलेले ते बायकांचे नियतकालिक होते, आपल्या या त्रैमासिकासारखे छोटे. साठ वर्षांनी दुसऱ्या खंडातल्या बायकांच्या हाती ती कविता पोहोचली, कारण कुणीतरी ती छापली होती आणि कुणीतरी अंक जपले होते.

आपल्या हातात काय आहे ते यातून कळते. नियमाला 'स्वतंत्र, संपादित, छापील स्रोत' हवा आहे ना? तो इंग्रजीतच असावा किंवा इंटरनेटवरच असावा अशी अट नियमात नाही. कोणत्याही भाषेतला छापील मजकूर चालतो. व्यवहारात मात्र गूगलवर न सापडलेले नाहीच असे समजून हात झटकले जातात. तिथे भांडायला नियम आपल्या बाजूने आहे, आणि भांडायला कागद हातात हवा. तो कागद म्हणजे अशी त्रैमासिके होऊ शकतात.

काय मागायचे, काय करायचे

पहिले, दुसऱ्या संघटनेच्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्या गटावर सविस्तर लिहा. स्वतःच्या गटावर स्वतः लिहिलेले नियमात बसत नाही, आणि तो नियम योग्य आहे. सोलापूरच्या मैत्रिणींनी नांदेडच्या गटावर लिहावे, नांदेडच्यांनी नाशिकच्या गटावर.

दुसरे, लिहिताना तारीख, ठिकाण, गाणे रचणारीचे आणि वाजवणारीचे नाव घाला. ज्यांची परवानगी आहे त्यांचेच. 'महिलांनी समूहगीत सादर केले' हे वाक्य आपल्या अंकांतून आणि अहवालांतून हद्दपार करा.

तिसरे, म्हाताऱ्या होत चाललेल्या गायिकांच्या मुलाखती आताच घ्या. फोन सगळ्यांकडे आहे. ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला दिवस, गाव, नाव आणि तिची संमती तिच्याच आवाजात घ्या. एक प्रत ग्रंथालयात किंवा विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास केंद्रात ठेवा.

चौथे, जुने अंक, पत्रके, कार्यक्रमपत्रिका माळ्यावरून खाली काढा. वाळवी नियम वाचत नाही. त्यांची छायाचित्रे घेऊन, अंकाचे नाव आणि तारीख लिहून ती खुली करा.

पाचवे, मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे. तिथे हात कमी आहेत आणि काम अफाट आहे. प्रत्येक संघटनेतल्या दोघीतिघी जणींनी लेख लिहायला शिकावे आणि काढून टाकण्याच्या चर्चेत बोलायलाही शिकावे. ठराव मांडणाऱ्या, मोर्चात पोलिसांशी हुज्जत घालणाऱ्या बायकांना सात दिवसांची चर्चा जड जाऊ नये.

सहावे, ज्ञानकोश चालवणाऱ्यांकडे एकत्रितपणे मागणी करा. नोंद ठेवलेली, संमतीने घेतलेली, संग्रहात जमा केलेली आणि कुणालाही ऐकून पडताळता येणारी मौखिक साक्ष स्रोत म्हणून मान्य व्हावी. बँडच्या कसोट्यांत खपाची यादी आणि सुवर्ण तबकडी यांच्या जोडीला लोकसमूहातले दीर्घ काळचे काम ही कसोटीही यावी. हे दयेचे दान मागणे झाले नाही. ज्ञानकोशाने स्वतःला ज्ञानाचा कोश म्हणवून घेतले आहे. त्या नावाला जागा एवढेच आपण म्हणतो आहोत.

मैत्रिणींनो, 'हा बँड कोण? कधी नाव ऐकले नाही' असे कुणी म्हणेल तेव्हा त्याला विचारा, की तुझे कान आजवर कुठे होते? आणि विचारताना आपल्या हातात त्या बँडवरचा एक धड लेख, एक ध्वनिफीत आणि जपून ठेवलेली एक कार्यक्रमपत्रिका असू द्या. प्रश्न आपल्याकडे पहिल्यापासून आहेत. कागदही आता आपणच तयार करायचे आहेत.